चाळणी, कणगी आणि एक जून

आमच्या कंप्युटरच्या खोलीत भिंतीवर एक सूप टांगलेलं होतं. बांबूचं, शेणानं सारवलेलं, भात पाखडायचं साधं सूप. खोली थंड ठेवायला दोन यंत्रं, दाराला दुहेरी पल्ले, चपला बाहेर काढायच्या, मशीनवर धूळ बसू नये म्हणून फडकं फिरवायला वेगळा माणूस, आणि मशीनच्या बरोबर समोर हे सूप. मशीन विकणाऱ्या कंपनीचे इंजिनियर मुंबईहून तपासणीला आले की आधी सुपाकडे बघायचे, मग एकमेकांकडे. एकानं ते काढून टाकायला सुचवलं. शेणाची धूळ उडते म्हणाला. कराळे साहेबांनी शांतपणे त्याला सांगितलं, "मशीन काढता येईल. सूप नाय."

सूप कामाचं होतं. माहिती भोकं पाडून कार्डांवर नोंदायची. जी कार्डं मशीननं नाकारली, ती रोज सकाळी त्या सुपात पडायची. त्यांना कराळे फोल म्हणायचे. दाणा नसलेलं भात ते फोल. मग ते सूप कमरेशी धरून सगळ्या खात्यांत फिरायचं आणि प्रत्येक कार्ड ज्याचं त्याला दाखवून विचारायचं की हे असं का आलं. मी खात्यात रुजू झाले त्या पहिल्याच सकाळी ते सूप त्यांनी माझ्या हातात दिलं. मी पदवीधर, टायपिंगची परीक्षा दिलेली, लग्न होऊन कर्जतला आलेली. सूप घेऊन कारखान्यात फिरायचं म्हटल्यावर माझा चेहरा उतरला असणार. ते म्हणाले, "बाई, लाजू नका. इथं येणारा प्रत्येक जण सुपापासून सुरुवात करतो. मशीन शेवटी."

विठ्ठल बाबू कराळे. मूळचे पोशीरचे, राहायला दहिवलीला. घरची भातशेती, तरुणपणी काही वर्षं नेरळच्या भाताच्या गिरणीत काम. पुढे खोपोलीच्या अलीकडे आमचा कारखाना उभा राहिला तेव्हा ते टाइम ऑफिसात लागले, म्हणजे गेटावरच्या हजेरीच्या खिडकीत. नव्यानं लागणाऱ्या कामगाराचं नाव, गाव, वय लिहून घ्यायचं काम. बऱ्याच वर्षांनी कारखान्यानं कंप्युटर घ्यायचं ठरवलं आणि कोबोल शिकायला कोणाला तरी मुंबईला पाठवायची वेळ आली. साहेब लोकांपैकी कोणी तयार होईना, कारण मशीन चाललं नाही तर खापर आपल्यावर फुटेल ही भीती. कराळे तयार झाले. परत आले ते खातेप्रमुख होऊन, आणि शिकून आलेल्या सगळ्या इंग्रजी नावांना गिरणीतली आणि शेतातली नावं देऊन.

कोबोल ही धंद्याच्या कामासाठी केलेली भाषा. पगार, हजेरी, माल, पावत्या यांसाठी. तिच्यातले प्रोग्राम एका प्रकारचे नसतात, आणि कराळ्यांचं सगळं लक्ष या प्रकारांवर. गिऱ्हाईक दुकानात आधी भाताची जात विचारतं, तसं ते नवीन प्रोग्राम हातात घेताच विचारायचे, "जात कुठली?" भिंतीवर सुपाशेजारी त्यांनी मोठ्या अक्षरांत तक्ताच लावला होता. आलेली कार्डं तपासून चांगली पुढे आणि वाईट बाहेर काढणारा प्रोग्राम ती चाळणी. चाळलेली कार्डं ओळीनं लावणारी ती लावणी. कारखान्याची मुख्य नोंद, जिच्यात प्रत्येक माणूस एकदाच असतो, ती कणगी. आणि तिच्यात भर घालणारा किंवा काढून घेणारा प्रोग्राम तो कणगीवाला. कणगीतलं नुसतं वाचून कागदावर छापणारा तो बोलका. स्वतः कधीच सुरू न होणारा, दुसऱ्या प्रोग्रामनं हाक मारली की उठून आपलं एवढंसं काम करून परत झोपणारा तो गडी. आणि सगळ्या प्रोग्रामांत जसाच्या तसा पेरायचा, नोंदीचा आराखडा सांगणारा मजकूर ते बियाणं.

तक्त्याखाली तांबड्या शाईत दोन नियम होते. बोलक्यानं कणगीत हात घालायचा नाही. कणगीवाल्याला दोन सह्यांशिवाय हात घालू द्यायचा नाही.

मला हे पटलं. मी स्वभावानं याद्या करणारी आहे. वाण्याची यादी वेगळी, भाजीची वेगळी, घरातल्या कुलपांच्या किल्ल्यांची वेगळी. ज्या माणसाच्या डोक्यात कप्पे असतात त्याच्याबरोबर काम करणं मला सोपं जातं. पण कराळ्यांच्या कप्प्यांना धान्याचा वास होता, आणि तो मला आधी कुठे भेटला नव्हता.

ते प्रोग्राम मोठ्यानं वाचायचे. छापलेला लांबलचक कागद दोन्ही हातांत उंच धरून, उभे राहून, पोथी वाचावी तसे. कागदाच्या घड्या सुटत सुटत जमिनीवर साचायच्या. कोबोलची वाक्यं पूर्णविरामानं संपतात. प्रत्येक पूर्णविरामाला थांबून ते श्वास घ्यायचे. श्वास मध्येच तुटला तर मागे जायचे. "हितं टिंब राहिलंय," असं सांगायचे, आणि ते राहिलेलं असायचं. अंगात बाराही महिने तांबडा लोकरीचा स्वेटर, वहिनींनी विणलेला. खोलीबाहेर आले की मे महिन्यात घामानं निथळायचे, पण काढायचे नाहीत. आत परत जायचंच आहे म्हणायचे. माणसांनाही ते प्रकारांत बसवायचे. जनरल मॅनेजर बोलका, कॅन्टीनचा रामा कणगीवाला. स्वतःला गडी म्हणायचे.

पावसाळ्यात आमची कार्डं फुगायची. खोपोलीच्या हवेत कागद कडक राहतच नाही. फुगलेलं कार्ड मशीनच्या तोंडात अडकलं की मशीन ठप्प. यावर तोड काढायला कराळ्यांनी घरून भात साठवायची लाकडी पेटी आणली. आत दिवा लावून कार्डं पापडासारखी शेकायची. पंच मारणाऱ्या मुली हसायच्या. त्याही वर्षभरात आमसुलं तिथेच वाळवायला लागल्या.

त्यांचा राग पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो ओळखायलाच वेळ लागला. सबनीस नावाचा मुंबईचा हुशार मुलगा खात्यात आला होता. त्यानं लिहिलेला एक बोलका प्रोग्राम छापता छापता कणगीतल्या नोंदी दुरुस्त करत होता. चूक दिसली, वाटेत होती, केली बरोबर, असं त्याचं म्हणणं. आणि दुरुस्ती बरोबरच होती. कराळ्यांनी त्याला दहिवलीला घरी जेवायला बोलावलं, बरोबर मलाही. वहिनींनी पानं वाढली. भात पांढरा शुभ्र, वाफाळता. सबनीसनं पहिलाच घास घेतला आणि कडकन दातांखाली खडा आला. दुसऱ्या घासातही आला. वहिनी दारात उभ्या राहून डोळ्यांत पाणी आणून सांगत होत्या की मी असा भात कधी वाढत नाही हो, यांनीच मला निवडू दिला नाही.

"खा," कराळे म्हणाले. "भात चांगला हाय. फक्त ज्याचं काम त्यानं केलं नाय."

सबनीस ते जेवण पुरं जेवला. मीही जेवले, कारण पानात टाकायची मला सवय नाही. परतताना त्याचा गाल सुजला होता. पुढे त्याच्या बोलक्यानं कधी कणगीत हात घातला नाही. वहिनी मात्र कराळ्यांशी बरेच दिवस बोलत नव्हत्या, असं कराळ्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि वहिनींचं त्यात काही चुकलं असंही त्यांना वाटत नव्हतं.

आता एक जूनची गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

पर्सोनेल खात्याला राजाध्यक्ष नावाचे नवे साहेब आले. कामगारांच्या भल्यासाठी काही तरी करायची त्यांना हौस होती. प्रत्येक कामगाराला वाढदिवसाला कारखान्यातर्फे शुभेच्छांचं कार्ड द्यायचं त्यांनी ठरवलं आणि आमच्याकडे यादी मागितली. साधा बोलका प्रोग्राम. मीच लिहिला, माझा पहिला. प्रिंटरमधून कागद यायला लागला. जानेवारीत थोडे, फेब्रुवारीत थोडे, मार्च, एप्रिल, मे, आणि मग जून. एक जून, एक जून, एक जून. पानामागून पान. प्रिंटर थांबेना. माझा प्रोग्राम कुठे तरी अडकून एकच तारीख छापतोय, अशी माझी खात्री झाली. राजाध्यक्षांनाही तसंच वाटलं. ते वर आले आणि म्हणाले, मशीन बिघडलंय.

कराळे हसायला लागले. एवढे हसले की चष्मा काढून स्वेटरच्या बाहीनं पुसावा लागला. मग त्यांनी सांगितलं. शाळेत घालताना गुरुजी पोराला हात डोक्यावरून घेऊन दुसऱ्या कानाला लावायला सांगायचे, लागला की पोरगं पहिलीला आणि जन्मतारीख एक जून. त्यांची स्वतःची तीच. आणि डोंगराखालच्या वाड्यांतून येणारी ठाकर आदिवासी माणसं तर शाळेतच गेलेली नव्हती. त्यांची तारीख कराळ्यांनीच लिहिली होती, टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून. तोंडाकडे बघून साल ठरवायचं आणि पुढे एक जून.

"मग मी काय करणार होतो?" ते म्हणाले. "आवस-पुनव सांगतात. रकान्यात तारीख लागते."

त्या वर्षी एक जूनला पहिल्या पाळीतल्या अर्ध्या माणसांना शुभेच्छांची कार्डं मिळाली. कॅन्टीनमध्ये शिरा केला. लोक एकमेकांना आजोबा, तुमचा बी आज का, असं विचारत होते. राजाध्यक्षांनी ती प्रथा पुढच्या वर्षी बंद केली.

हे सगळं कराळ्यांना माहीत होतं. त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. म्हणूनच पुढचं झालं ते कसं झालं याचा विचार मी अजूनही करते.

कारखान्यात कायम कामगारांबरोबर कंत्राटी माणसं बरीच होती. ठेकेदार त्यांना वाड्यांतून आणायचे. वर्षानुवर्षं तीच माणसं भट्टीवर, हमालीवर, पण कागदावर आज या ठेकेदाराची, उद्या त्या. युनियननं भांडून करार केला की जुन्या कंत्राटी माणसांना कायम करायचं. नावांची यादी एकदाच होणार, तिच्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या होणार, आणि यादी बंद. अडचण अशी की ठेकेदार लबाड. एकच माणूस दोघांच्या पटावर दाखवायचे. तेव्हा एकाची दोन कार्डं गाळणं आलं. काम आमच्या खात्याकडे आलं आणि कराळ्यांनी ते स्वतःकडे घेतलं.

त्यांची ती चाळणी फार सुंदर होती. मी वाचली आहे, त्यांच्यासारखी उभ्यानं. नाव सारखं, बापाचं नाव सारखं, आडनाव सारखं, गाव सारखं, जन्मतारीख सारखी, पाचही जुळली तर तो एकच माणूस. एक कार्ड ठेवा, दुसरं काढा. काढलेली कार्डं नेहमी सुपात पडायची. या वेळी त्यांनी ती सुपात टाकली नाहीत. मी विचारलं होतं. त्यांचं म्हणणं असं की फोल परत पाखडायचं ते दाणा राहिलाय का बघायला. ही तर एकाची दोन कार्डं. एक ठेवलंय ना. पाखडून त्यात काय निघणार. घाईही होती. सह्यांचा दिवस ठरला होता. मलाही ते पटलं.

यादी गेटावर लागली. वाडीतली दोन माणसं तिच्यासमोर उभी होती, दोघांचं नाव बुधा सोमा निरगुडा. ठाकरांत पोराचं नाव बऱ्याचदा जन्मल्या वाराचं ठेवतात. दोघंही बुधवारी जन्मलेले म्हणून बुधा, दोघांचेही बाप सोमवारचे म्हणून सोमा. घरं वेगळी, आडनाव एक, वाडी एक. वाडीवर एकाला थोरला बुधा म्हणायचे, दुसऱ्याला धाकला, पण खिडकीत तोंडाकडे बघून कराळ्यांनी दोघांना सालही एकच दिलं होतं. कोणीतरी यादी वाचून दाखवली आणि बुधा सोमा निरगुडा म्हणताच दोघांनाही आनंद झाला. दोघंही मिळून गूळ वाटत गेले. दोघंही कायम, असं समजून.

मग पितळी बिल्ले वाटायचा दिवस आला. थोरला ओळीत पुढे होता. त्याला बिल्ला मिळाला. मागून धाकला आला तेव्हा खिडकीतल्या कारकुनानं सांगितलं की या नावाचा बिल्ला गेला.

धाकला बुधा आमच्या खात्याच्या दाराशी आला. चपला नव्हत्याच, तरी तो उंबऱ्याच्या आत यायला तयार होईना. कराळे बाहेर गेले. दोघं बराच वेळ उभे होते. दाराच्या काचेतून मला दिसत होतं, बुधा बोलत होता आणि कराळे मान खाली घालून ऐकत होते. आत आले ते सरळ सुपापाशी गेले. सूप रिकामं होतं. ते उतरवून त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत टांगलं.

"तारीख बी मीच दिली," ते म्हणाले, "आणि चाळणी बी माझीच."

दुसऱ्या दिवशी ते दोन्ही बुधांना घेऊन राजाध्यक्षांकडे गेले. त्यांनी मला कागद धरायला बरोबर नेलं. राजाध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं. दोघं बसले नाहीत. राजाध्यक्षांनी दोघांकडे नीट पाहिलं.

"दोन माणसं आहेत हे मलाही दिसतंय, कराळे," ते म्हणाले. "पण कागदावर एकच आहे. यादीवर युनियनच्या सह्या झाल्यात. मी ती आज याच्यासाठी उघडली तर उद्या तालुका गेटावर उभा राहील."

कराळ्यांनी सांगितलं की यादी उघडू नका, तारीख तेवढी बदला. याची दोन जून करा. एक दिवसाचा फरक पडला की चाळणी दोघांना वेगळं धरेल, मग चूक यादीची नाही, मशीनची ठरेल, आणि मशीनची चूक मी लिहून देतो.

"दोन जूनचा पुरावा?"

"एक जूनचा जो हाय तोच."

"एकदा नोंदलेली जन्मतारीख बदलता येत नाही."

"साहेब, नोंदली कोणी? मीच. अंदाजानं."

"म्हणूनच नाही बदलता येत," राजाध्यक्ष म्हणाले. "तुमच्या अंदाजावर अर्धा कारखाना निवृत्त व्हायचाय."

तिथून आम्ही युनियनकडे गेलो. तिथल्या माणसानं हात जोडले आणि पुढच्या कराराच्या वेळी बघू म्हणाला. पुढचा करार कधी हे त्यालाही माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर थोरल्या बुधानं तोड सांगितली. तो अगदी सहज म्हणाला, "दादा, कशाला येवढं? बिल्ला एक हाय, नाव एक हाय. एक महिना मी येतो, एक महिना ह्यो येईल. कुनाला कलतंय?"

धाकल्यानं मान डोलावली. त्यांचं आपसात ठरलेलं होतं.

माझ्या मते ती एकच चालण्यासारखी तोड होती. दोन घरांत अर्धं अर्धं गेलं असतं. फोरमनला सगळी वाडी एका तोंडाची वाटायची, त्यानं ओळखलंही नसतं. पण कराळे भडकले. दोन माणसं हायत तर दोनच दिसली पाहिजेत, असलं काही केलंत तर दोघंही जाल, असं त्यांनी बजावलं. दोघांनी ऐकलं. कराळ्यांचं ते ऐकायचेच, कारण कारखान्यात पहिलं पाऊल त्यांनी त्याच खिडकीतून टाकलं होतं.

पुढचे काही महिने कराळे अर्ज करत होते. जाड शब्दांतले अर्ज, मी टाइप केलेले. मग त्यांनी अर्ज बंद केले. जेवायच्या सुट्टीत एकदा मी खोलीत परतले तर ते पंचच्या मशीनवर बसले होते. खातेप्रमुख कधी पंच मारत नाही. दोन बोटांनी एक एक अक्षर शोधत होते. मला पाहून थांबले नाहीत. कार्ड बाहेर आलं, ते त्यांनी उजेडाकडे धरून वाचलं आणि गठ्ठ्यात मध्ये सारलं. त्या महिन्याच्या हजेरीपत्रकात बुधा सोमा निरगुडा दोनदा छापून आला. एक जून आणि दोन जून. चाळणीनं दोन्ही सोडले होते, कणगीत दोन्ही गेले होते. सहीच्या जागी एकच सही होती.

धाकला बुधा कामावर आला. भट्टीवर, थोरल्याच्या शेजारी. तो महिना कराळे मोकळे, पोशीरच्या शेतातून आल्यासारखे दिसायचे. एकदा तर स्वेटर काढून खुर्चीवर टाकलेला मी पाहिला.

पकडलं कोणी, तर कोणी मुद्दाम नाही. नव्या फोरमननं बिल्ल्यांची तपासणी केली. हजेरीपत्रकात नाव आहे आणि माणसाकडे बिल्ला नाही. त्यानं पर्सोनेलला कळवलं. पर्सोनेलनं यादी काढली. सगळं अर्ध्या दिवसात उघड झालं. राजाध्यक्ष आमच्या खोलीत आले तेव्हा त्यांनी चपला बाहेर काढल्या. तक्त्यासमोर उभे राहिले आणि तांबड्या शाईतला दुसरा नियम त्यांनी वाचला.

"नियम तुमचाच आहे, कराळे."

"बरोबर हाय," कराळे म्हणाले. "तुमच्या जागी मी बी काढलं असतं."

सबनीस तिथेच उभा होता. तो बोलायला पुढे झाला, पण कराळ्यांनी हातानंच त्याला थांबवलं. धाकल्या बुधाची नोंद त्याच दिवशी काढायची होती. ती दोन सह्यांनी काढली. दुसरी सही माझी होती.

कराळ्यांना काढलं नाही. इतकी वर्षं झाली होती. त्यांना टाइम ऑफिसात परत पाठवलं, गेटावरच्या त्याच खिडकीत. सूप त्यांनी स्वतः उतरवलं आणि कंपनीच्या बसमधून काखेत धरून दहिवलीला नेलं. बसमध्ये कोणी चेष्टा केली नाही. भिंतीवर खिळा राहिला. पुढे मी वहिनींकडे गेले तेव्हा सूप ओट्यावर होतं, त्यात तांदूळ होते, आणि वहिनी खडे वेचत होत्या. कराळे घरात होते. बाहेर आले नाहीत.

काही वर्षांनी मशीनच गेलं. सगळं काम मुंबईच्या मुख्य कचेरीत न्यायचं ठरलं, तिथे नवं मशीन आलं होतं. आमचे प्रोग्राम बांधून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी प्रकारवार गठ्ठे केले. बोलके बहुतेक टाकून दिले गेले, तिथे दुसरे होते. गडी कोणाला कळले नाहीत. पण ती पाच गोष्टी जुळवणारी चाळणी मुंबईच्या लोकांना आवडली. ती त्यांनी जशीच्या तशी घेतली. मी कागद लिहून दिला होता की हिच्यात वाड्यांतल्या माणसांची अडचण आहे, काढलेली कार्डं हातानं पाहावी लागतात. तो कागद कुठे गेला माहीत नाही. काढलेली कार्डं आता कुठेच पडत नव्हती, कारण नव्या मशीनला कार्डंच नव्हती.

धाकला बुधा मध्ये वीटभट्टीवर गेला असं ऐकलं होतं. भिवंडीकडे कुठे तरी.

कराळ्यांना मी शेवटचं पाहिलं ते खिडकीतच. खातं बंद झालं, मला लेखा विभागात घेतलं, आणि सकाळी पास दाखवायला मी शेजारच्या खिडकीशी उभी होते. त्यांच्या खिडकीसमोर नव्या ठेकेदाराची माणसं ओळीनं उभी होती. आत कराळे. स्वेटर नव्हता, तिथे गरमच होतं. केस पांढरे, खांदे पुढे आलेले. माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि परत कामाला लागले.

ते आता तारीख वेगळ्या तऱ्हेनं लिहीत होते. प्रत्येकाला विचारायचे, तू झालास तेव्हा शेतात काय चाललं होतं, आईनं काही सांगितलंय का. भात पोटरीला, कणीस धरायच्या बेतात होतं म्हणाला तर सप्टेंबर. आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती तर जुलै. होळीच्या आसपास तर मार्च. आणि तारीख प्रत्येकाला निराळी द्यायचे. आज कोणाला कुठली दिली ते कागदाच्या कडेला टिपत होते, म्हणजे दोघांना एक जाऊ नये. ओळ हळू सरकत होती आणि ठेकेदाराचा माणूस मागून कुरकुरत होता.

ओळीत धाकला बुधा होता. मी त्याला आधी ओळखलं नाही. वीटभट्टीनं माणूस वाळून जातो. खिडकीशी आला तेव्हा कराळ्यांनी वर पाहिलं, आणि त्यांची लेखणी थांबली. मग त्यांनी नव्या माणसाला विचारावं तसं नाव विचारलं. बापाचं नाव विचारलं. वाडी विचारली. बुधानं सगळं सांगितलं.

"जन्म?" कराळ्यांनी विचारलं. आणि तो बोलायच्या आत आवाज खाली आणून म्हणाले, "बुधा, दोन जून लिवतो रं. नायतर ऑगस्ट. कायतरी निराळी लिवतो."

बुधानं मान हलवली. "नको, दादा. तीच ऱ्हाऊंद्या."

"अरं, परत तसंच होईल."

"पोरांना साळंत घातलं तवा गुरुजीनी इचारलं," बुधा म्हणाला. "मी तीच सांगितली. तिघांची बी एक जून हाय. तुमी दिल्याली."

मागून ठेकेदाराच्या माणसानं आवाज दिला. कराळ्यांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी लिहिलं. मला खिडकीतून उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं. एक जून. त्याच्यापुढे त्यांनी टिंब दिलं, नीट, आणि श्वास घेतला.

"पुढचा," ते म्हणाले.